कोळसा उगाळावा तितका…

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने कोळसा उगाळला असेल. पण तो उगाळलेला कोळसा रंगीत पाण्यात टाकून ते पाणी कधी गाळून पाहिले नसावे. आपल्या भाषेने कोळशाला फारसा मान दिलेला नाही. कोळशाच्या दलालीत हात काळे होतात, कोळशाच्या खाणीत हिरा सापडला तर सारे श्रेय हिऱ्याला मिळते, आणि एखाद्याच्या वर्णाला नाव ठेवावयाचे झाले म्हणजे लोकांना कोळसाच आठवतो. घरोघर गॅस आल्यापासून स्वयंपाकघरातूनही तो हद्दपार झाला आहे. तथापि ज्या घराच्या भिंतीवर आज पाणी शुद्ध करण्याचे यंत्र टांगलेले आहे, त्या घरातील गृहिणीने ते यंत्र उघडून पाहिले, तर आतील एका नळकांड्यात तिला बहुधा हाच काळा गृहस्थ बसलेला आढळेल. पुढल्या दाराने घालविलेला पाहुणा मागल्या दाराने परत आला आहे, आणि तोही सोवळे नेसून!

कोळशाचा हा गुण नवा नाही. सेंट पीटर्सबर्ग येथील एका औषधशाळेत काम करणाऱ्या लोवित्झ नावाच्या रसायनज्ञाला १७८५ साली असे आढळले की, तपकिरी पडलेल्या द्रावणात लाकडी कोळशाची पूड घातली असता द्रावण निवळते. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपातील साखर शुभ्र करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरीत. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंचा वापर सुरू झाला, तेव्हा सैनिकांच्या मुखवट्यांत नारळाच्या करवंट्यांचा आणि पीच या फळाच्या आठळ्यांचा कोळसा भरण्यात आला. ज्या करवंट्या आपण उकिरड्यावर टाकतो, त्यांनी खंदकातील माणसांचे प्राण वाचविले आहेत.

हे घडते कसे, ते समजून घेणे कठीण नाही. टिपकागद शाई पितो, तेव्हा शाई कागदाच्या आत भिनते. ते शोषण होय. कोळसा रंग पीत नाही. तो रंगाचे कण आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो, जशी जुन्या लेण्यातील वटवाघळे भिंतींना आणि छताला लटकून राहतात तशी. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. आता लेणे जितके मोठे, भिंती जितक्या अधिक, तितकी वटवाघळे अधिक. कोळसा सक्रिय करतात म्हणजे त्याच्या अंगात अशी असंख्य सूक्ष्म लेणी खोदतात. आठशे-नऊशे अंश सेल्सियस उष्णतेत त्यावरून वाफ नेली, अथवा कच्च्या मालाला आधी जस्त क्लोराइड किंवा फॉस्फरिक आम्ल चोळून मग तो भाजला, म्हणजे बुजलेली छिद्रे मोकळी होतात आणि नवी पडतात. अशा एका ग्रॅम कोळशातील सर्व भिंती उलगडून जमिनीवर अंथरता आल्या, तर त्या सुमारे एक हजार चौरस मीटर जागा व्यापतील. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे, तर चिमूटभर कोळशात दहा गुंठे रान दडलेले असते. हा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडतो, तेव्हा ज्यांच्या घरी भावाभावांत दहा गुंठ्यांवरून तंटा चालू आहे अशी एक-दोन मुले हटकून हसतात.

मी जन्माने भोपाळचा. माझे वडील सांगलीकडील. पण भोपाळास हेवी इलेक्ट्रिकल्सचा प्रचंड कारखाना निघाला आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून जी माणसे तेथे नोकरीस गेली, त्यांत तेही होते. पिपलानीच्या वसाहतीत आमच्या एका बाजूस मल्याळी, दुसऱ्या बाजूस बंगाली आणि समोर पंजाबी कुटुंब राहत असे. घरात मराठी, अंगणात हिंदी आणि बाजारात भोपाळी उर्दू, अशा तीन भाषांत आमचे बालपण गेले. भोपाळ म्हटले की लोकांना तळी आठवतात, आणि ते योग्यच आहे. मोठे तळे अकराव्या शतकातील परमार राजा भोजाच्या नावाने सांगितले जाते. धाकटे तळे नबाबीत, १७९४ साली, बांधले गेले. या दोन्ही तळ्यांच्या पाणथळ प्रदेशाला २००२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्व असलेल्या रामसर स्थळांच्या यादीत स्थान मिळाले. मोठ्या तळ्याचे पाणी शहराचा मोठा भाग आजही पितो. त्यामुळे पाणी कोठून येते आणि त्यात काय मिसळते, हा प्रश्न भोपाळच्या माणसाला पुस्तकात शोधावा लागत नाही. तो तळ्याच्या काठावरून जाताना त्याला दिसतच असतो.

जुन्या शहरात चौकाच्या बाजूला एक रंगरेज बसत असे. त्याच्या भट्टीवर पितळी पातेल्यांत पाणी उकळत असे, आणि समोर दोरीवर ओल्या ओढण्यांची रांग वाऱ्यावर हलत असे. आई विटलेले लुगडे घेऊन त्याच्याकडे जाई, तेव्हा मी तिचे बोट धरून जात असे. तो लुगड्याचा काठ चिमटीत धरून पाही, दोन-तीन पुड्यांतून नखावर मावेल इतकी पूड पातेल्यात टाकी, आणि काठीने ढवळीत, “बाईसाहेब, अर्ध्या तासाने या,” असे सांगे. त्या अर्ध्या तासात मी त्याच्या पायांजवळची नाली पाहत उभा असे. एकाच नालीत कधी गुलाबी, कधी हिरवे आणि कधी अंजिरी पाणी वाहत येई. मला ते फार सुंदर वाटे. पुढे रसायनशास्त्र शिकलो तेव्हा कळले की, नखभर पुडीने पातेलेभर पाणी रंगते याचाच दुसरा अर्थ असा की, सांडपाण्यात एका लिटरला मिलिग्रॅमच्या मानाने रंग उरला तरी तो डोळ्याला दिसतो. पाण्यात शिरणारा सूर्यप्रकाश अडवितो. आणि पाण्यातील शेवाळ-वनस्पतींच्या अन्नाचे दार बंद करतो. रंगरेजाची ती एक नाली कोणाचे काय वाकडे करणार होती? परंतु तसल्या हजार पातेल्यांचा एक कारखाना होतो, तेव्हा गोष्ट निराळी होते.

कापडाचे रंग टिकाऊ असावेत म्हणून माणसाने दीडशे वर्षे बुद्धी वेचली. १८५६ साली पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने कोलटारपासून जांभळा रंग बनविला, तेव्हापासून रंग उन्हाने उडू नये, साबणाने जाऊ नये, घामाने उतरू नये, यासाठी रसायनशाळा खपत आल्या आहेत. जो रंग ऊन, साबण आणि घाम यांना दाद देत नाही, तो नदीतील सूक्ष्म जंतूंना तरी का दाद देईल? गटाराचे पाणी शुद्ध करणाऱ्या हौदांत जंतू मैला खाऊन टाकतात. पण पुष्कळसे रंग ते तसेच सोडून देतात. म्हणून रंग धरून ठेवणारे काहीतरी हवे, आणि तेथे आपल्या काळ्या गृहस्थाची आठवण होते. अडचण एकच. उत्तम प्रतीचा सक्रिय कोळसा महाग पडतो. लहान रंगारी तो विकत घेऊन पाणी गाळीत बसला, तर कापडाच्या किमतीत त्याला ते परवडत नाही.

हा प्रश्न ज्यांनी हाती घेतला, त्यांतील एक मंडळी माझ्या जन्मगावचीच आहेत, हे मला बऱ्याच उशिरा कळले. भोपाळात १९६० साली मौलाना आझाद यांच्या नावाने तंत्रविद्येचे एक महाविद्यालय निघाले. आज ती राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था आहे. माझा दादा तेथेच शिकला. तेथील रसायनशास्त्राचे अध्यापक आलोक मित्तल आणि त्यांचे सहकारी यांनी, रुरकीच्या विनोदकुमार गुप्ता यांच्यासह, २००५ सालाच्या सुमारापासून एकामागून एक निबंध प्रसिद्ध केले. विषय असा की, टाकाऊ पदार्थांनी पाण्यातील रंग काढता येतो काय? त्यांनी निवडलेले पदार्थ पाहिले की मौज वाटते. एक, औष्णिक वीजकेंद्राच्या भट्टीच्या तळाशी उरणारी राख. दुसरा, तेल काढून घेतलेल्या सोयाबीनचा चोथा. आणि तिसरा, कोंबडीची पिसे! मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग, अमरंथ हा लाल रंग, खाद्यपदार्थांत वापरला जाणारा टारट्राझिन हा पिवळा रंग, असे एकेक रंग घेऊन त्यांनी पाहिले की, पाणी आम्लधर्मी असता किती रंग धरला जातो, अल्कधर्मी असता किती, ऊन पाण्यात किती, थंड पाण्यात किती. इतकेच करून ते थांबले नाहीत. धरलेला रंग सोडवून परत मिळविता येतो काय, हेही त्यांनी पाहिले. हा विचार मला फार आवडला. झाडूवाल्याने कचऱ्यातून सोन्याची नथ शोधून काढावी, तसा.

येथे एक सूक्ष्म भेद सांगणे अवश्य आहे. सोयाबीनचा तो चोथा त्यांनी जाळून कोळसा केला नव्हता. हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन, वाळवून, चाळून तो तसाच वापरला होता. म्हणजे ही वाट कोळशाच्या शेजारची आहे, कोळशाची नव्हे. अन्य ठिकाणच्या संशोधकांनी मात्र भाताचा तूस, उसाचा चोथा, करवंट्या, शेंगांची टरफले, कपाशीच्या पऱ्हाट्या, फार काय केळ्याच्या साली, या सगळ्यांचे रीतसर सक्रिय कोळसे करून पाहिले आहेत. या विषयावरील निबंध आता शेकड्यांनी नव्हे, हजारांनी मोजावे लागतील. त्या मानाने प्रत्यक्ष कारखान्याच्या नाल्यावर शेतातील काडीकचऱ्याचा कोळसा बसविलेला क्वचितच आढळतो. निबंध लिहून पाणी निवळत नाही, असे एखादा चिडखोर माणूस म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. पण त्याचे म्हणणे खोडून काढणेही मला जड जाईल.

मध्य प्रदेश ही सोयाबीनची भूमी आहे. पावसाळ्यात विदिशा, सीहोर, रायसेन या भागांतून आगगाडीने जावे, तर दोन्ही बाजूंना सोयाबीनच सोयाबीन दिसते. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे एक पंचमांश तेल असते; ते काढून घेतले की उरलेला भाग चोथा. पण त्याला ‘टाकाऊ’ म्हणावे काय? मी दादाला हे विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, “अरे, तो चोथा कोंबड्या खातात, गाईगुरे खातात, जहाजे भरून परदेशी जातो. त्याला भाव आहे. टाकाऊ म्हणशील तर व्यापारी तुला वेड्यात काढतील.” दादाचे म्हणणे खरे आहे. ज्या वस्तूला खाणारे तोंड आहे, ती रंगाच्या पाण्यात घालणे शहाणपणाचे नाही. खरी टाकाऊ वस्तू निराळीच. गहू कापल्यावर शेतात जी खुंटे उरतात, त्यांना तिकडे ‘नरवाई’ म्हणतात. चैत्र-वैशाखात शेतकरी ती पेटवून देतात. भोपाळच्या भोवतालच्या गावांत रात्री आगीच्या लांबच लांब ओळी दिसतात, आणि सकाळी शहरावर धुराचा पडदा असतो. सरकार मनाई करते, दंड आकारते. तरी ओळी पेटतातच, कारण पुढच्या पिकासाठी रान मोकळे करण्याचा तोच स्वस्त उपाय शेतकऱ्याच्या हाताशी असतो. जी काडी उघड्या शेतात जळून नुसता धूर होते, ती बंद भांड्यात जळली तर कोळसा होईल. फरक केवळ झाकणाचा आहे.

मागील उन्हाळ्याच्या सुटीत दादाच्या घराच्या गच्चीवर आम्ही हे करून पाहिले. वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा घेतला, त्यात सीहोरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणलेली गव्हाची काडी आणि सोयाबीनचे भुसकट कोंबून भरले, झाकण घट्ट बसविले, आणि झाकणाला खिळ्याने एक भोक पाडले. डबा शेगडीवर ठेवला. पंधरा-वीस मिनिटांनी भोकातून पांढरा दाट धूर येऊ लागला. त्याला काडी लावताच तो दिव्याच्या ज्योतीसारखा जळू लागला. वहिनी खालून ओरडल्या, “भावजी, शेजारी पोलिसांना बोलावतील हो!” ज्योत आपोआप विझली तेव्हा आतील काम संपले असे समजून आम्ही भोक चिखलाने बुजविले आणि डबा रात्रभर निवू दिला. सकाळी झाकण उघडले, तर डबाभर काडीच्या जागी तळाशी चार बोटे कोळसा उरला होता. हलका, चकचकीत, आणि बोटाने सहज चुरणारा. तो कुटला, फडक्याने चाळला, पाण्याने धुतला, उन्हात वाळविला, आणि एका बरणीत भरून मी इचलकरंजीस घेऊन आलो.

आमच्या इचलकरंजीत रंगीत पाणी शोधीत हिंडावे लागत नाही. १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग आला. आज मागांचा खडखडाट हा आमच्या पाठांचा कायमचा साथीदार आहे. मागाबरोबर रंगाई आली, रंगाईबरोबर सांडपाणी आले. पंचगंगेस जाऊन मिळणाऱ्या येथील एका ओढ्याचे नावच लोकांनी ‘काळा ओढा’ असे ठेवले आहे. नाव ठेवणाऱ्यांनी कोणत्याही प्रयोगशाळेचा दाखला मागितला नव्हता.

शाळा सुरू झाल्यावर मी बरणी वर्गात काढली. जीवशास्त्राच्या तासाला कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी रंगविण्यासाठी आम्ही मेथिलीन ब्लू वापरतो. त्याचे फिकट द्रावण करून त्यात आमचा भोपाळी कोळसा घातला आणि बाटली आळीपाळीने हलवीत राहिलो. तासाअखेर गाळून पाहिले, तर निळे पाणी जवळजवळ पाण्यासारखे झाले होते. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी एका मुलाने घरून लाल पाण्याची बाटली आणली. त्याचे वडील एका रंगाई कारखान्यात कामाला आहेत. त्या लाल पाण्यावर तोच कोळसा, तितकाच वेळ. पण पाणी लालचे लालच! मुलांचे चेहरे पडले. मला मात्र आनंद झाला, कारण खरा पाठ येथे सुरू होत होता.

रंगांतही जाती आहेत. मेथिलीन ब्लूच्या रेणूवर धन विद्युत्‌भार असतो. काडीकचऱ्याच्या कोळशाचा पृष्ठभाग साध्या पाण्यात बहुधा ऋण असतो. म्हणून दोघांचे जमते. सुती कापडाच्या लाल रंगावर ऋण भार असतो, आणि ऋणाला ऋण दूर लोटतो. पण पाणी आम्लधर्मी केले, तर कोळशाच्या पृष्ठभागाचा स्वभाव पालटतो. भोपाळच्या संशोधकांनाही लाल अमरंथ आम्लधर्मी पाण्यात अधिक धरला जातो आणि हिरवा मॅलाकाइट त्याच्या उलट वागतो, असे आढळले होते. आम्ही लाल पाण्यात लिटमस लाल होईपर्यंत व्हिनेगर घातले, पुन्हा कोळसा घातला आणि पुन्हा हलविले. या खेपेस पाणी पुष्कळच फिकट झाले. टाळ्या पडणार, इतक्यात मागील बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, हा रंग कोळशाने गेला की व्हिनेगरने? काही रंग आंबटाने नुसते बदलतात. हळद नाही का साबणाने लाल होते?” तिच्या सांगण्यावरून आम्ही एका नळीत केवळ व्हिनेगर घातलेले लाल पाणी, कोळशाविना, बाजूला ठेवले. ते लालच राहिले. कोळशाचे श्रेय अबाधित ठरले. परंतु त्या दिवशीच्या तासाचे खरे श्रेय त्या मुलीचे आहे. पुढे दुकानातून आणलेला सक्रिय कोळसा वापरला, तेव्हा चिमूटभर पुडीने जे काम केले, त्याला आमचा डब्यातील कोळसा चमचा-चमचा लागत होता. डब्यात जळलेल्या काडीची लेणी डांबराने बुजलेली असतात; ती वाफेने किंवा रसायनाने मोकळी करावी लागतात, आणि ती भट्टी शाळेत पेटविण्याची गोष्ट नव्हे.

शेवटी एका नळीत, डोळ्याला पारदर्शक दिसेल असे, कारखान्याचे पाणी आमच्या हाती आले. ज्या मुलाने बाटली आणली होती, त्याने ती नळी खिडकीपाशी उजेडात धरली आणि विचारले, “सर, आता हे पाणी नदीत सोडलं तर चालेल?”

मी उत्तर दिले नाही. त्या पाण्याचे काही थेंब काचेच्या तबकडीवर घेऊन ते मंद आचेवर आटविण्यास सांगितले. पाणी उडाले, आणि तबकडीवर एक जाड पांढरे वलय उरले. दुसऱ्या नळीत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सोडताच दुधासारखा पांढरा साका बसला. मीठ! सुती कापडावर हे रंग चढावेत म्हणून रंगाच्या हौदात मीठ ओतावे लागते, आणि रंग पक्का व्हावा म्हणून सोडा. रंगाचा जो भाग कापडाला धरत नाही, त्याच्याबरोबर हे सगळे मीठ बाहेर येते. कोळसा रंग धरतो; मिठाला तो हात लावीत नाही. पाणी निर्मळ दिसत होते, आणि ते उसाच्या मुळांशी गेले असते तर रान खारावले असते.

मुलगा थोडा वेळ तबकडीकडे पाहत राहिला. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, आणि तो त्याने इतक्या हळू विचारला की शेजारच्यालाही ऐकू गेला नसेल. “म्हणजे पाणी सोडू देणार नाहीत. मग बाबांचं काम?”

या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राच्या पुस्तकात नाही. पण तमिळनाडूतील तिरुप्पूर या गावात ते एकदा द्यावे लागले आहे. तेथील नोय्यल नदी रंगाईच्या पाण्याने आणि मिठाने नासली. न्यायालयात वर्षानुवर्षे खटले चालले, आणि २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. हजारो मजुरांचे काम गेले. पुढे जे कारखाने उघडले, त्यांना आपले पाणी पुनःपुन्हा गाळून, आटवून, मीठसुद्धा परत मिळवावे लागले, आणि ते मीठ पुन्हा रंगाच्या हौदात वापरता येऊ लागले. खर्च फार आला. पण जे कारखाने एकत्र येऊन सामाईक यंत्रणा उभारू शकले, ते तगले. मी हे सर्व त्या मुलाला सांगितले. त्याचे समाधान झाले की नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून वाचता आले नाही. त्याचे वडील आजही कामावर आहेत.

त्या पांढऱ्या वलयाने मला मात्र भोपाळात नेऊन सोडले. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा मी शाळेत शिकत होतो. आमची वसाहत कारखान्यापासून दूर होती, म्हणून आम्ही वाचलो. त्या रात्रीच्या हकिकती पुष्कळांनी लिहिल्या आहेत. त्यांत मी भर घालीत नाही. मला सांगावयाचे आहे ते त्यानंतरचे. कारखाना बंद पडला, पण त्याच्या आवारात आणि आवाराबाहेरच्या तळ्यांत टाकलेला रासायनिक कचरा तसाच राहिला, आणि त्यातील द्रव्ये पावसाबरोबर जमिनीत मुरत गेली. भोवतालच्या वस्त्यांतील लोक हातपंपाचे पाणी पीत होते. ते पाणी दिसण्यात स्वच्छ होते. गुलाबी नव्हते, हिरवे नव्हते, अंजिरी नव्हते. कित्येक वर्षांनी त्यांतील अनेक हातपंपांना लाल रंग फासण्यात आला. हे पाणी पिऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. त्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली द्यावा लागला. पाण्याला स्वतःचा रंग नव्हता, म्हणून पंपाला रंग द्यावा लागला! आणि इचलकरंजीकरांना २०१२ सालची काविळीची साथ आठवत असेलच. ज्या पाण्याने ती पसरली, त्यातील विषाणूंनाही रंग नव्हता.

तेव्हा पाण्यातील रंग हा एक प्रकारचा चहाडखोर आहे, असे मी मुलांना सांगतो. कोणी काय सोडले, ते तो चव्हाट्यावर ओरडून सांगतो. ज्याला केवळ चहाडखोराचे तोंड बंद करावयाचे आहे, त्यालाही कोळसा तितक्याच इमानाने साहाय्य करील. काळ्या ओढ्याचे पाणी उद्या पारदर्शक झाले, तर मी आनंदित होईन. पण मी तबकडी आणि शेगडी घेऊनच त्याच्या काठी जाईन.

आणखी एक गोष्ट राहिली. रंग धरून बसलेल्या कोळशाचे पुढे काय करावयाचे? लेण्यातील भिंती वटवाघळांनी भरल्या की नवीन पाहुण्याला जागा नसते. मोठ्या कारखान्यांतून असा कोळसा पुन्हा भट्टीत तापवून त्याच्या भिंती मोकळ्या करतात. प्रत्येक खेपेस त्यातील थोडा नष्ट होतो. काडीकचऱ्याचा स्वस्त कोळसा पुन्हा तापविणे परवडत नाही, म्हणून तो विटांच्या किंवा सिमेंटच्या भट्टीत जाळावा, असे सुचविले जाते. उकिरड्यावर टाकला, तर पहिल्या पावसात तो धरलेला रंग हळूहळू सोडून देईल, आणि मग आपण नदीचे पाणी एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ओतले इतकेच होईल.

आमच्या प्रयोगातील वापरलेला कोळसा मी टाकू दिलेला नाही. प्रयोगशाळेतील कपाटाच्या खालच्या फळीवर तीन बरण्यांत तो ठेवला आहे: एकीत निळा धरलेला, दुसरीत लाल धरलेला, आणि तिसरीत कोरा. बाहेरून तिन्ही सारख्याच काळ्या दिसतात. मागील बाकावरील त्या मुलीने बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटविल्या आहेत, आणि दर शनिवारी प्रत्येकीतील चमचाभर कोळसा स्वच्छ पाण्यात रात्रभर भिजत ठेवून, सोमवारी ती पाण्याचा रंग वहीत नोंदवीत असते. लाल बरणीच्या पाण्यावर सहाव्या आठवड्यात किंचित गुलाबी झाक आली आहे.